आधी सबनेटिंग, मग सायबर सिक्युरिटी

निकालांचा हंगाम आला की आमच्याकडे एकच प्रश्न येतो, फक्त विचारणारी आडनावं बदलतात. "मुलाला सायबर सिक्युरिटीला घालू का? क्लासवाले शंभर टक्के नोकरी म्हणतात. फी दीड लाख आहे, पण हप्ते करून देतात."

नका घालू. निदान आत्ता तरी नका. १९२.१६८.१०.७७ हा पत्ता /२६ च्या हिशेबात कोणत्या नेटवर्कात बसतो, हे ज्याला कागद-पेन घेऊन सांगता येत नाही, तो फायरवॉलवर नियम काय लिहिणार? चोर पकडायचा तर आधी वाडा माहीत हवा. दिंडी कुठे, परसदार कुठे, हेच ठाऊक नसलेल्या पोराला सहा महिन्यांत 'एथिकल हॅकर' करून देणारे क्लास प्रत्यक्षात काय देतात? एक लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानं लिहिलेली हत्यारं चालवण्याची थोडी सवय. शंभर टक्के नोकरीची हमी लेखी मागून बघा. 'नोकरी' जाऊन तिथे 'मुलाखतीची संधी' हे शब्द येतात की नाही, ते नीट वाचा.

सुरुवात करायची तर ती नेटवर्किंगपासून, म्हणजे सिस्को कंपनीच्या सीसीएनए या परीक्षेच्या अभ्यासानं करावी. मी 'अभ्यासानं' म्हणतोय, परीक्षेनं नव्हे. फरक पुढे सांगतो. परीक्षेचा क्रमांक २००-३०१, वेळ १२० मिनिटं, पूर्वअट कोणतीही नाही. शुल्क ३०० डॉलर आणि वर कर, म्हणजे डॉलरच्या भावाप्रमाणे तीस हजारांच्या आसपास. नापास झालात तर पुन्हा पूर्ण शुल्क. हा एकच खर्च टाळता येत नाही, बाकी जवळजवळ सगळा टाळता येतो.

अभ्यासाचं साहित्य भराभर सांगतो. यूट्यूबवर 'जेरेमीज आयटी लॅब'चा संपूर्ण सीसीएनए अभ्यासक्रम फुकट आहे. वेंडेल ओडम यांचे दोन खंड हे प्रमाण पुस्तक. जुनी प्रत घ्यायची असेल तर ती २००-३०१ चीच आहे ना, हे पाहून घ्या. आयआयटी खरगपूरच्या प्राध्यापकांची संगणक नेटवर्कवरची व्याख्यानं एनपीटेलवर मोफत आहेत; परीक्षेसाठी ती जरा जड, पण 'असं का' हे समजायला उत्तम. सरावासाठी सिस्को नेटवर्किंग अकॅडमीच्या संकेतस्थळावर खातं उघडलं की पॅकेट ट्रेसर हे संगणकावरच नेटवर्क उभं करून बघायचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. साध्या लॅपटॉपवर ते चालतं. लॅमिंग्टन रोडवरून जुना स्विच आणून घरात घरघर करत ठेवायची गरज नाही. आणि मराठी माध्यमाच्या मुलांनी एक लक्षात ठेवावं: परीक्षेचे प्रश्न इंग्रजीत येतात. समजून घेण्यापुरते हिंदी व्हिडिओ जरूर बघा, पण वाचन पहिल्या दिवसापासून इंग्रजीतच करा.

मुलं अडतात ती सबनेटिंगला, म्हणजे एका नेटवर्कचे लहान गट पाडण्याच्या हिशेबाला. वरचाच पत्ता घ्या. /२६ म्हणजे ६४-६४ चे गट: ०, ६४, १२८, १९२. ७७ हा ६४ च्या गटात पडतो. म्हणून नेटवर्क १९२.१६८.१०.६४, ब्रॉडकास्ट १२७ वर, आणि मधले ६५ ते १२६ हे ६२ पत्ते यंत्रांना वापरायला मोकळे. एवढंच आहे. व्हिडिओ बघताना हे सगळ्यांना कळतं आणि कोऱ्या कागदावर कुणालाच येत नाही. रोज सकाळी अशी दहा गणितं पेनानं सोडवा, कॅल्क्युलेटर न वापरता. महिना-दीड महिन्यात हात बसतो. त्यानंतर व्हीलॅन, ओएसपीएफ, एसीएल, नॅट हे क्रमानं घ्या. प्रत्येक गोष्ट पॅकेट ट्रेसरमध्ये आधी चालू करा, मग मुद्दाम बिघडवा आणि दुसऱ्या दिवशी शोधा. नोकरीत बिघाड शोधायचेच पैसे मिळतात.

'डम्प्स' म्हणून जे फिरतं, त्याला हात लावू नका. फुटलेले प्रश्न पाठ करून पास झालेला मुलगा मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो. सिस्कोच्या लक्षात आलं तर प्रमाणपत्रही जातं.

आता माझा आवडता मार्ग, जो ऐकून पालकांचे चेहरे उतरतात. तालुक्याच्या गावी फायबर इंटरनेट देणारा जो कोणी असेल, ज्याला सगळे अजून 'केबलवाला'च म्हणतात, त्याच्याकडे मुलाला वर्षभर कामाला पाठवा. तिथे तो खांबावर फायबर ओढतो, स्प्लायसिंग मशीनवर तुटलेली तार जोडतो, ओएलटीवर, म्हणजे सगळ्या ग्राहकांचं फायबर जिथे येऊन मिळतं त्या यंत्रावर, कोणाचा सिग्नल पडला ते बघतो, ग्राहकाचं लॉगिन का होत नाही ते शोधतो. अशा बऱ्याच ठिकाणी मायक्रोटिकचे राउटर असतात. आज्ञा सिस्कोपेक्षा वेगळ्या, पण राउटिंग आणि नॅट तेच. कुणीतरी एकाच स्विचच्या दोन पोर्टांत एकच वायर खुपसली आणि अख्ख्या गल्लीचं नेट बसलं, हा अनुभव ज्यानं घेतला त्याला असे फेरे तोडणारं स्पॅनिंग ट्री वेगळं शिकवावं लागत नाही. जेसीबीनं फायबर तोडल्यावर भर पावसात पन्नास ग्राहकांचे फोन घेतलेला मुलगा पुढे हिंजवडी किंवा ऐरोलीच्या एनओसीत, म्हणजे नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या केंद्रात, रात्रपाळीला बसला तर घाबरत नाही. दहावीनंतरच वळायचं असेल तर काही आयटीआयमध्ये 'कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स' हा एक वर्षाचा ट्रेड आहे. तिथे क्रिम्पिंग-पंचिंगपासून हात चालतो. पण "आमचा मुलगा आयटीआय करतो" हे लग्नकार्यात सांगायला जड जातं, म्हणून त्याचा अर्जच भरला जात नाही.

मुलीचे पालक विचारतात, रात्रपाळीचं काय? रात्रपाळी आहे, लपवत नाही. जाण्यायेण्याची सोय कंपनी काय करते ते विचारा आणि निर्णय मुलीला घेऊ द्या. मुलगी म्हणून नेटवर्किंग नको, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, चहा देऊन परत पाठवतो.

आता परीक्षेविषयी. "तारीख घेतल्याशिवाय हा अभ्यास करणारच नाही" असं म्हणून पहिल्याच महिन्यात तीस हजार भरणारे वडील मी नेहमी बघतो. त्या पैशाचा उल्लेख मग रोज जेवताना होतो, आणि पोरगं समजून घ्यायचं सोडून प्रश्न पाठ करायला लागतं. शिवाय हे प्रमाणपत्र तीनच वर्षं टिकतं. पदवीच्या पहिल्या वर्षी घाईनं मिळवलं, तर नोकरीची वेळ येईपर्यंत ते संपत आलेलं असतं. पहिल्या वर्षी शिका, शेवटच्या वर्षी परीक्षा द्या. कॉलेज सिस्कोची अकॅडमी चालवत असेल तर तिथल्या तिसऱ्या अभ्यासक्रमात चांगले गुण मिळवणाऱ्याला परीक्षा-शुल्कात सवलत मिळू शकते. प्राध्यापकांना गाठून विचारा. आणि पास झाल्यावर पहिला पगार ऐकून तोंड वाकडं करू नका. हे कारकुनीतून वर चढायचं क्षेत्र आहे, पहिल्या दिवशी पॅकेजचं नाही.

शुल्क भरताना नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाका. परीक्षा पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रात देता येते, तशी घरूनही. घरून देताना कॅमेऱ्यासमोर, बंद खोलीत एकट्यानंच बसावं लागतं. मध्येच कोणी आत आलं तर परीक्षा तिथल्या तिथे रद्द होऊ शकते. "कसं चाललंय?" म्हणून दर पंधरा मिनिटांनी दार लोटायची सवय ज्या घरात आहे, त्यांनी सरळ केंद्र निवडावं.