संगणकाची साक्ष आणि उष्णतामान

वैशाखांतील दुपारीं चिंचणीच्या किनाऱ्यावरील वाळूंत अनवाणी चालून पाहा, पाय पोळतात. तेथून सुरूच्या बनांत शिरलां म्हणजे केवढें थंड वाटतें! परंतु ‘किती थंड?’ असें कोणीं विचारल्यास आपल्या त्वचेला उत्तर देतां येत नाहीं. तें उत्तर आंकड्यांत द्यावें लागतें, आणि कित्येकदां त्या आंकड्यावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. दवाखान्यांतील बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस या मर्यादेंत ठेवाव्या लागतात. कांहीं लसी गोठल्या कीं निकामी होतात, पण पाहणाऱ्यास तें सहसा ओळखूं येत नाहीं. म्हणूनच सन २०१५ पासून आपल्या देशांत ‘ई-विन’ ही योजना सुरू झाली. तींत लसींच्या शीतपेट्यांना जोडलेलीं यंत्रें आपले आंकडे मोबाईलच्या जाळ्यावरून स्वतःच कळवितात. त्याच जातीचा एक लहान प्रयोग आपणांस शाळेंत करतां येतो.

साहित्य व जोडणी. ‘रास्पबेरी पाय’ नांवाचा तळहाताएवढा संगणक व ‘डी. एस. १८ बी २०’ हा उष्णतामापक घ्यावा. तो पोलादी नळींत बसविलेला मिळाल्यास पाण्यांतहि चालतो. त्याला तीन तारा असतात. विजेची तार संगणकाच्या पहिल्या टांचणीस (३.३ व्होल्ट), भूमीची तार सहाव्या टांचणीस आणि निरोपाची तार सातव्या टांचणीस जोडावी. विजेची व निरोपाची तार यांच्यामध्यें ४,७०० ओहमचा रोधक बसवावा. तो विसरल्यास यंत्र मुकें राहतें. जोडणी करतांना संगणक बंद असावा. नंतर संगणकाच्या मांडणींत ‘वन-वायर’ ही सोय चालू करावी.

यंत्र कसें बोलतें? या उष्णतामापकांत पारा नाहीं. तो एका अंशाचे सोळा भाग करून ते मोजतो. समजा, त्यानें ४४१ भाग मोजले. ४४१ भागिले १६ म्हणजे २७.५६२५ अंश. असें एक मापन करण्यास त्याला जास्तींत जास्त पाऊण सेकंद लागतो. संगणक हें उत्तर एका फाईलींत दोन ओळींनीं दाखवितो. पहिल्या ओळीच्या शेवटीं ‘येस’ किंवा ‘नो’ असतें; दुसऱ्या ओळीच्या शेवटीं २७५६२ असा आंकडा असतो. त्यास १,००० नें भागिलें कीं अंश मिळतात.

प्रोग्रॅम. ‘पायथन’ भाषेंत लिहावयाच्या आज्ञांचा क्रम असा:
१. फाईल उघडून दोन्ही ओळी वाच.
२. पहिल्या ओळीच्या शेवटीं ‘येस’ नसेल, तर थोडें थांबून पुन्हा वाच.
३. दुसऱ्या ओळींतील बरोबरीच्या चिन्हापुढील आंकडा घेऊन त्यास १,००० नें भाग.
४. उत्तर वेळेसह वहींत नोंद.
५. एक मिनिट थांबून पहिल्यापासून आरंभ कर.

साक्षीची उलटतपासणी. येथपर्यंतचें काम सोपें आहे. खरा धडा पुढें आहे. ‘येस’ याचा अर्थ एवढाच, कीं निरोप तारेंतून येतांना बिघडला नाहीं. निरोप खरा आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. वीज मिळतांच, कांहींहि मोजण्यापूर्वीं, या उष्णतामापकाच्या पोटांत ८५ हा आंकडा असतो. मध्येंच वीज क्षणभर खालावली, तर तोच आंकडा ‘येस’ या शिक्क्यासह आपल्या हातीं येतो! शीतपेटींत नऊ वेळां ५ अंश व एकदां असा खोटा ८५ नोंदला गेला, तर सरासरी १३ होते आणि चांगली लस फेंकली जाते. उलट, नवें वाचन न मिळाल्यास प्रोग्रॅम जुनाच ५ चा आंकडा दाखवीत राहिला, तर पेटी तापून लस बिघडली तरी कोणास कळत नाहीं. यास्तव ८५ आल्यास पुन्हा मोजावें, आणि वाचन न मिळाल्यास ‘वाचन नाहीं’ असेंच प्रामाणिकपणें लिहावें.

दुसरी कसोटी बर्फाची. स्वच्छ बर्फाचा चुरा व थोडें पाणी पेल्यांत ढवळून त्यांत पोलादी नळी बुडवावी. कांहीं मिनिटांनीं आंकडा शून्याच्या आसपास, अर्ध्या अंशाच्या आंत यावा. त्या बर्फांत मीठ मात्र असूं नये, कारण मिठानें उष्णतामान शून्याखालीं उतरतें. तिसरी कसोटी जागेची. उष्णतामापक संगणकाला चिकटून ठेविला तर संगणकाचीच ऊब मोजली जाते, आणि उन्हांत ठेविला तर हवेचें नव्हे, तापलेल्या नळीचें उष्णतामान कळतें. वेधशाळेंतहि याच कारणास्तव उष्णतामापक वारा खेळणाऱ्या पांढऱ्या, झडपांच्या पेटींत, जमिनीपासून उंचावर ठेवितात.

आपल्या शेजारच्या तारापूर अणुविद्युत्केंद्रांत सन १९६९ पासून वीज तयार होऊं लागली; तेथें वाफ थंड करण्यास समुद्राचें पाणी लागतें. अशा मोठ्या कारखान्यांतहि उष्णतामानाच्या नोंदी ठेवाव्या लागतात, आणि नोंद ठेवणाऱ्यास हाच नियम लागू पडतो: यंत्राचें ऐकावें, पण त्याची साक्ष तपासून घ्यावी.

सुटींत घरीं हा प्रयोग करून पाहा. वाळू, सुरूची सावली आणि विहिरीचें पाणी यांचीं उष्णतामानें एकाच दिवशीं तीन वेळां नोंदवा व वडीलधाऱ्यांस दाखवा. एखादा आंकडा चुकला असें वाटल्यास तो खोडून टाकूं नका. त्याच्यापुढें शंकेचें कारण लिहा. यंत्र खरें-खोटें जाणत नाहीं. तें जाणण्याचें कर्तव्य आपलें आहे.