बियाण्याची परीक्षा आताच घ्या



जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यातल्या आमच्या शेतकरी सहकारी संस्थेचे हिशेबाचे वर्ष 31 मार्चला संपते, पण शेतकऱ्याचे वर्ष भात झोडून झाले की संपते. म्हणून हा आढावा आताच लिहितो. नागली बरी आली, वरई मध्यम, खुरासणी काही पाड्यांवर अगदीच कमी. मोगऱ्याच्या लागवडीविषयी पुढे केव्हातरी लिहीन. या वेळी सांगायचे आहे ते बियाण्याच्या कोठीबद्दल, आणि त्यात चूक माझी आहे.

आमची रीत अशी की जूनमध्ये सभासद कोठीतून भाताचे बी उचलतो आणि झोडणीनंतर सवाईने परत भरतो. दिवाळी झाली की कितीतरी घरे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. घरी ठेवलेले बी उंदीर तरी खातात, नाहीतर ओढीच्या दिवसांत माणसेच भरडून खातात. कोठीत ठेवले की माणूस निश्चिंत.

यंदा परतीचा पाऊस ऐन कापणीत आला. भात दमट होते आणि मुकादमाची गाडी दारात उभी. लोकांना निघायची घाई, मला पावत्या पुऱ्या करायची. एका आजीने पोत्यात हात घालून सांगितले, "मास्तर, याला अजून ऊन पायजे." मी म्हणालो, कोठीत सुकेल. पोत्यात भात सुकत नाही, उबते. हे मला ठाऊक नव्हते असे नाही.

डिसेंबरात प्रत्येक थप्पीतले 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले. थंडीत कोंब उशिरा येतात, म्हणून गुंडाळ्या चुलीजवळ ठेवल्या आणि रोज पाणी शिंपडले. दहाव्या दिवशी उलगडून मोजले. जुन्या, सुकवून भरलेल्या थप्पीत 91 दाणे उगवले होते, घाईत भरलेल्या थप्पीत 62. भाताच्या बियाण्याची उगवण निदान 80 टक्के हवी. हे कळले नसते तर जूनमध्ये राबावर विरळ रोप दिसले असते, आणि तेव्हा बी आणायचे कुठून?

पंच कमिटीने ठरवले की ही थप्पी बियाण्यातून काढायची. बुरशी न लागलेले भात उन्हात वाळवून खाण्यासाठी द्यायचे, आणि गावात राहिलेल्या, चांगले सुकवलेल्या सभासदांकडून बदल्यात बी घ्यायचे. अकरा पोती बदलून झाली, चार अजून बाकी आहेत.

आपल्यापैकी जे शेती करतात त्यांनी ही परीक्षा याच महिन्यात घ्यावी. बी सुकले की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे कोरडे मीठ आणि मूठभर भात घालून चांगले हलवावे. मीठ काचेला चिकटले तर भातात अजून ओल आहे. दाताखाली दाणा कट्‌कन तुटला पाहिजे, चेपता कामा नये. पोती फळीवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. कणगी असेल तर आधी शेणामातीने लिंपून पूर्ण वाळू द्यावी.

पेरणीच्या वेळी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी सोडावे. वर तरंगते ते पोचट, ते काढून टाकावे. तळाचे बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे. धुण्यात आळस केला तर मिठाने कोंब मारतो. राबासाठी यंदा फांद्या कमी तोडाव्यात. बांधावर गिरिपुष्प लावले तर चिखलणीत त्याचा पाला गाडता येतो.

भट्टीवर गेलेली घरे होळीला येतील. त्यांची पोती बदलली आहेत हे त्यांना वहीतून कळू नये, म्हणून मी स्वतः पाड्यापाड्यांवर जाणार आहे. आजीला मात्र कालच सांगून आलो. ती म्हणाली, "मंग आता उरलेली चार कवा आणतास?"