संगणकाच्या पेटीची पारख : ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याच्या संदर्भात

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात महाराज बाड्यालगत गोरखी ही शिंदेकालीन वास्तू आहे. शिंदे घराण्याचे देवघर येथेच. अटलबिहारी वाजपेयी ज्या शाळेत शिकले ती शाळाही येथलीच. या भागात मे-जून महिन्यांत पारा ४५ अंश सेल्सिअसच्याही वर चढतो, लू वाहते आणि बारीक धूळ खिडक्यांच्या फटींतून आत शिरते. अशा हवेत शाळेत वा कार्यालयात ठेवावयाच्या संगणकाची पेटी कशी पारखावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या पेटीस बाजारात ‘कॅबिनेट’ म्हणतात. पुष्कळ लोक तिलाच ‘सीपीयू’ म्हणतात. वस्तुतः ते नाव आतील प्रोसेसरचे आहे. १९९५ साली रूढ झालेल्या ‘एटीएक्स’ धर्तीच्या पेटीत आज सामान्यतः हवा पुढून आत येते व मागून आणि वरून बाहेर जाते.

पंखा हवा थंड करीत नाही, केवळ ती पुढे ढकलतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे. खोलीत ४२ अंश असतील तर आतील भाग त्याहून थंड राहणे शक्य नाही. पेटीत ३०० वॅट उष्णता निर्माण होत असेल आणि हवेचे तापमान १० अंशांहून अधिक वाढू द्यावयाचे नसेल, तर दर मिनिटास सुमारे दीड घनमीटर हवा खेळली पाहिजे. पुढील बाजू काचेने बंद केलेल्या पेट्या दिसावयास देखण्या असतात; परंतु हवेला वाट अरुंद असेल तर आत चार पंखे असूनही उपयोग नाही. आमच्या मते येथे जाळीदार दर्शनी बाजूची साधी पेटीच श्रेयस्कर.

मात्र जाळीतून धूळही येते. म्हणून आत हवा घेणाऱ्या प्रत्येक पंख्यापुढे, तसेच तळाशी एसएमपीएसखाली, हाताने काढून धुता येईल अशी गाळणी असावी. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेहून किंचित अधिक ठेवल्यास फटींतून धूळ ओढली जात नाही.

शिक्षकांना विद्यार्थ्यांसमवेत पुढील प्रयोग सहज करता येईल. खोलीचे तापमान नोंदवावे, संगणकास अर्धा तास सारखे काम द्यावे आणि प्रोसेसरचे तापमान पाहावे. नंतर बाजूचे झाकण काढून हीच कृती करावी. झाकण काढताच तापमान बरेच उतरले, तर दोष पेटीच्या वायुवीजनात आहे असे समजावे. अनेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास आपली गती स्वतःच कमी करतात. त्याहून ताप वाढल्यास यंत्र बंद पडते आणि न साठविलेले काम जाते. परीक्षेचे गुण वा दाखल्यांच्या नोंदी भरताना हे घडले, तर सारा खटाटोप पुन्हा करावा लागतो.

झाकण कायमचे उघडे ठेवणे हा मात्र उपाय नव्हे. त्याने हवेचा मार्ग बिघडतो व धूळ साचते. पेटी भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी, बंद कपाटात ठेवू नये आणि चालू असताना तिच्यावर कापडी आच्छादन घालू नये. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर कोरड्या उन्हाळ्यात खोली निववितो, म्हणून तो हितकरच. परंतु त्याचा ओलसर झोत थेट पेटीवर येऊ देऊ नये व पावसाळ्यात त्यातील पाणी बंद ठेवावे. लूच्या दिवसांत गाळण्या दर पंधरवड्यास धुवाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच बसवाव्यात. आतील धूळ काढण्यापूर्वी विजेची जोडणी काढावी, मऊ कुंचला वापरावा आणि पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे.