आधी पाण्याची वाट, मग पेव्हर

प्रश्न: आमचे घर पेडणे तालुक्यात, कोरगावच्या बाजूला आहे. फाटकापासून पोर्चपर्यंतच्या वाटेवर दोन वर्षांपूर्वी पेव्हर बसवले. जमीन चिकण मातीची आहे. पहिल्याच पावसाळ्यात गाडीच्या चाकांखालचे पेव्हर खचले, सांध्यांतून चिखल वर आला आणि आता अंगणात पाणी दिवसचे दिवस उभे राहते. पूर्वी हे पाणी खालच्या शेजाऱ्याच्या जागेतून व्हाळाकडे जायचे. त्याने नुकतीच चिऱ्यांची कुंपणभिंत घातली आहे. ठेकेदार म्हणतो, सगळे उखडून काँक्रीट करा आणि एक शोषखड्डा मारा. शेजाऱ्याला भिंतीत भोके ठेवायला कायद्याने भाग पाडता येईल का? आणि पैसे नेमके कशावर घालावेत?

उत्तर: तुम्ही भिंत आणि पैसा असे दोन प्रश्न विचारले आहेत, पण त्यांचे उत्तर एकच आहे. आवारातले पाणी बाहेर कुठे सोडायचे आणि कोणत्या हक्काने सोडायचे, हे कागदावर ठरेपर्यंत फरशीवर एक रुपयाही घालू नका. बहुतेक घरमालक नेमके उलट करतात. आधी पृष्ठभाग चकचकीत करून घेतात आणि पाण्याचा विचार जूनमध्ये करतात. सड्यावरच्या घरांना हे एकवेळ खपून जाते, कारण जांभा सच्छिद्र असतो आणि बरेच पाणी पिऊन टाकतो. चिऱ्याच्या थराखालची पांढरट-पिवळी चिकण माती, किंवा तेरेखोल आणि शापोरा नद्यांच्या काठची खाजनाजवळची गाळमाती, तसे करत नाही.

ठेकेदाराने सुचवलेल्या शोषखड्ड्याचा हिशेब मांडून पाहू. एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. छप्पर आणि अंगण मिळून १५० चौरस मीटर धरले आणि जुलैतल्या एखाद्या जोरदार सरीत तासाभरात ४० मिमी पाऊस झाला, तर ६,००० लिटर पाणी जमते. दीड मीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल खड्डा दगडगोट्यांनी भरला, तर पोकळ्यांत जेमतेम १,३०० ते १,४०० लिटर मावते. म्हणजे पहिल्या पंधरा मिनिटांतच खड्डा भरतो. चिकण मातीत पाणी मुरण्याचा वेग ताशी साधारण १ ते ५ मिमी असतो. यातला सर्वांत उदार आकडा घेतला आणि खड्ड्याचा तळ व चारही बाजू धरल्या, तरी तासाला ५५-५६ लिटरच मुरते. खड्डा रिकामा व्हायला अख्खा दिवस लागेल आणि गोव्याचा पाऊस तेवढी उसंत देत नाही. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिमी पडणारा हा पाऊस बहुतांशी चार महिन्यांत कोसळतो. सखल भागात तर त्या काळात भूजलच वर आलेले असते आणि खड्डा खालूनच भरतो. म्हणून खर्च करण्याआधी एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा खणून त्यात पाणी ओता. माती पुरती भिजू द्या, मग पुन्हा भरून तासाभराने पातळी किती उतरली ते मोजा. जेमतेम काही मिलिमीटर उतरली असेल तर शोषखड्ड्याचा विषय तिथेच संपवा.

यावर कोणी म्हणेल की पाणी जमिनीत मुरवा असे सरकारही सांगते, सच्छिद्र पेव्हरही मिळतात, मग ते का नकोत? जिथे जमीन पाणी घेते तिथे हा सल्ला योग्यच आहे आणि पाळायलाच हवा. चिकण मातीवर मात्र सच्छिद्र पेव्हरखालची रेती आणि खडी एखाद्या टाकीसारखी भरते आणि त्या टाकीला तोटी नसते. तुमचे पेव्हर खचले ते याच कारणाने. आपल्याकडची जांभ्यातून तयार झालेली चिकण माती देशावरच्या काळ्या मातीसारखी फुगत नाही, पण साचलेल्या पाण्याखाली ती लोण्यासारखी मऊ पडते. वरून गाडीचे वजन आले की माती खडीत शिरते आणि रेती मातीत जाते. त्यावर काँक्रीट ओतले तर दोन-चार पावसाळ्यांत त्याला तडे जातील. शिवाय जे थोडेफार पाणी मुरत होते तेही आता शेजाऱ्याच्या दिशेने धावेल, आणि इथेच तुमचा कायद्याचा मुद्दा कच्चा होतो.

१८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ७ खालच्या उदाहरणांत हे तत्त्व स्पष्ट दिले आहे. वरच्या जमिनीवर नैसर्गिकरीत्या उगम पावणारे किंवा पडणारे पाणी, ठरावीक पात्रातून न वाहता, लगतच्या खालच्या जमिनीत नैसर्गिकपणे वाहत गेले, तर खालच्या मालकाने ते वाहू द्यायला हवे. हा कायदा गोव्यात लागू होण्याआधी इथे १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता चालत असे. तिनेही खालच्या जमिनीवर हेच बंधन घातले होते, पण माणसाच्या हातच्या कामाशिवाय वाहणाऱ्या पाण्यापुरते. दोन वेगळ्या परंपरांचे कायदे एकाच रेषेवर थांबतात, हे मला महत्त्वाचे वाटते. तुमच्या उघड्या जमिनीवरून पसरून जाणारे पाणी शेजाऱ्याने सलग भिंत घालून अडवले असेल, तर तो चुकतो आहे. पण छपराच्या पन्हळी, पेव्हरचा ढाळ आणि गटाराचा पाइप यांनी गोळा करून एका कोपऱ्यात सोडलेले पाणी नैसर्गिक राहत नाही. ते त्याच्या जागेत ढकलण्याचा हक्क या कलमाने तुम्हाला मिळत नाही.

पूर्वीपासून पाणी तिकडूनच जायचे, हा तुमचा दुसरा आधार. पाणी २० वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून तिथून जात असेल, तर कलम १५ प्रमाणे वहिवाटीचा हक्क तयार होतो. जमीन सरकारी असेल तर मुदत ३० वर्षांची. डिचोलीच्या वाचकांनी हे खास लक्षात घ्यावे, कारण मये गावातल्या बऱ्याच जमिनी दीर्घकाळ स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून कस्टोडियनकडे होत्या आणि २०१४ च्या कायद्याने त्या सरकारकडे आल्या. असा शेजारी म्हणजे सरकारच. पण वहिवाटीचा हक्क जुन्या वापराएवढाच असतो. कलम २९ सांगते की आपल्या मालमत्तेत फेरफार करून समोरच्यावरचा भार वाढवता येत नाही. पेव्हर येण्याआधी जेवढे पाणी जायचे त्याचा हक्क तुम्ही सांगू शकाल, त्यानंतर वाढलेल्या पाण्याचा नाही. आणि काहीही झाले तरी भिंत स्वतः फोडू नका, कलम ३६ ते स्पष्टपणे मना करते. दाद मागायची ती दिवाणी न्यायालयात मनाई हुकुमासाठी. अडथळ्याने शेतीचे किंवा बागायतीचे नुकसान होत असेल, तर १९६६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली मामलेदाराकडेही जाता येते.

तरीही माझा सल्ला दाव्याचा नाही, कराराचा आहे. निसर्गाने दिलेल्या हक्कासाठी शेजाऱ्याला पैसे का द्यायचे, असे वाटणे साहजिक आहे. पण न्यायालयात जिंकलात तरी मिळेल तो जुना, पसरट प्रवाहाचा हक्क. तुम्हाला हवा आहे तो व्हाळापर्यंत जाणाऱ्या बंदिस्त पाइपचा हक्क, आणि तो शेजाऱ्याच्या संमतीशिवाय मिळणे कठीण आहे. ही संमती तोंडी ठेवू नका. तोंडी परवानगी बहुधा मागे घेता येते. तिच्या भरवशावर पक्के काम करून खर्च केला असेल तर कलम ६० थोडे संरक्षण देते, पण ते सिद्ध करता करता वर्षे जातात, आणि दरम्यान शेजाऱ्याने जागा विकली तर नवा मालक जुनी बोलणी कशाला मानील? मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्यात जमिनी किती झपाट्याने हात बदलत आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून पाइपची जागा, व्यास आणि खोली, सफाई कोण करणार, त्यासाठी आत कधी जाता येईल, आणि हा करार वारसांवर व पुढच्या खरेदीदारांवर बंधनकारक राहील, हे सारे लिहून १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दस्त नोंदवा. सोबत सर्वेक्षणाचा नकाशा जोडा. सही घेण्याआधी फॉर्म १ व १४ चा उतारा पाहा. त्यात कुळाचे नाव असेल तर भाटकाराची एकट्याची सही पुरणार नाही. खालची जमीन भातशेताची असेल तर पट्टा विकत घेण्याचा विचार सोडा. शेतजमिनीच्या हस्तांतरावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध घातले आहेत.

शेजाऱ्याला टाळून रस्त्याच्या गटारात पाणी सोडायचे, हा पर्याय पुष्कळांना सोपा वाटतो. तुमच्या अंगणाची पातळी गटारापेक्षा वर असेल तर तो खरोखरच चांगला आहे, पण पंचायतीची, आणि रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा असेल तर त्या खात्याची, लेखी परवानगी हवी. फाटकासमोरचे गटार मातीने बुजवून त्यात सहा इंची पाइप टाकायची पद्धत मात्र बंद व्हायला हवी. तो पाइप पहिल्याच पावसात पालापाचोळ्याने तुंबतो आणि वरच्या चार घरांचे पाणी रस्त्यावर येते. गटार पूर्ण रुंदीचे ठेवून वर काढता येईल अशी लोखंडी जाळी किंवा सुटे स्लॅब टाका. गटारच तुंबलेले असेल आणि पंचायत निधी नाही म्हणत असेल, तर रतलाम नगरपालिकेच्या १९८० च्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. गटारे नीट ठेवण्याच्या कर्तव्यातून पैशांच्या सबबीवर सुटता येत नाही, असे त्यात ठरले आहे. सार्वजनिक जलमार्गातला अडथळा हटवण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो. आणखी एक वाट लोक काढतात, ती म्हणजे भराव घालून आपलीच जागा उंच करणे. भातशेती, खाजन किंवा पाणी साचणारी सखल जमीन असेल, तर नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या कलम १७-अ प्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय भराव घालणे हा गुन्हा आहे. शिवाय तुमचे पाणी त्याने दुसऱ्याच्या उंबऱ्यावर जाते.

वाट मिळाली की मग काम उतरत्या टोकापासून वर करत या. आधी पाइप आणि चेंबर, नंतर फाटकाजवळ आडवी जाळीची नाली, आणि शेवटी फरशी. मातीवर न विणलेले जिओटेक्स्टाइल पसरा म्हणजे माती खडीत शिरणार नाही. त्यावर २० सेंटिमीटर खडी दोन थरांत रोलरने दाबून घ्या आणि खडीच्या तळाशी सच्छिद्र पाइप ठेवून तो चेंबरला जोडा. पेव्हरला ५० ला १ असा ढाळ घराकडून बाहेर द्या आणि कडा काँक्रीटने बांधा. जुने पेव्हर शाबूत असतील तर तेच वापरा. काम नोव्हेंबर ते मार्चमध्ये करा आणि ठेकेदाराचे किमान १० टक्के पैसे पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवा. ही अट कामाआधीच लिहून घ्या.

प्रश्न: डिचोलीजवळच्या एका गृहप्रकल्पात आम्ही घर घेतले. ताबा मिळून तीन वर्षे झाली. आतल्या रस्त्याचे पेव्हर खचतात आणि गटार उलटे वाहते. बांधकाम व्यावसायिक देखभालीचे पैसे मागतो. ते द्यावेत का?

उत्तर: प्रकल्प रेराखाली नोंदलेला असेल, तर ताब्यापासून ५ वर्षांच्या आत निदर्शनास आणलेला बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा सेवांमधला दोष ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणे कलम १४(३) प्रमाणे त्याचे कर्तव्य आहे. उलट्या ढाळाचे गटार देखभालीत मोडत नाही, तो बांधणीचाच दोष आहे. सर्व रहिवाशांच्या सह्यांचे पत्र, भर पावसात काढलेली छायाचित्रे आणि एखाद्या अभियंत्याने पातळ्या मोजून दिलेला अहवाल मुदत संपण्याआधी पोचपावतीसह पाठवा. त्यानेही दाद दिली नाही, तर गोवा रेराकडे तक्रार करा.