हिरवळ शहरात किती, आपल्या वाट्याला किती?

एका जुन्या पाहणीपासून सुरुवात करू. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी रॉजर उल्रिच या संशोधकांनी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या त्यांनी निवडल्या. जोडीतील दोघांचे वय, प्रकृती वगैरे गोष्टी शक्य तितक्या सारख्या होत्या. फरक एवढाच, की एकाच्या खिडकीतून झाडे दिसत आणि दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, तर भिंत दिसणाऱ्यांना ८.७० दिवस लागले. हे निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध झाले.

एका लहानशा पाहणीवरून मोठा नियम सांगता येत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. दोन्ही रुग्ण एकाच इमारतीत होते. नकाशावर पाहिले असते, तर दोघांच्या भोवतालची हिरवळ सारखीच भरली असती!

उपग्रह हिरवळ कशी मोजतो?

पानातील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते. पण डोळ्यांना न दिसणारे, तांबड्याच्या पलीकडचे अवरक्त किरण पान मोठ्या प्रमाणात परत फेकते. समजा, एका पानाने अवरक्त किरणांपैकी ५० टक्के आणि तांबड्यापैकी ८ टक्के परावर्तित केले. या दोहोंच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागा: ४२ ÷ ५८ = ०.७२. हा झाला हिरवळीचा निर्देशांक. सिमेंटच्या भिंतीसाठी हेच आकडे ३० आणि २५ धरले, तर उत्तर ५ ÷ ५५, म्हणजे सुमारे ०.०९ येते.

सेंटिनेल-२ हे उपग्रह १० मीटर बाजूच्या चौकोनाइतक्या बारकाईने अशी मोजणी करतात. पण ते पाहतात वरून. उंच कुंपणाआडची बाग त्यांना दिसते, रस्त्यावरून चालणाऱ्या मुलाला मात्र दिसत नाही.

अंगावरचे उपकरण

यावर उपाय म्हणजे मोजणारे यंत्र माणसाबरोबरच फिरवायचे. छातीवर लावता येईल अशा छोट्या पेटीत तांबडा आणि अवरक्त प्रकाश निरनिराळा मोजणारे संवेदक, घड्याळ आणि उपग्रहांच्या संदेशांवरून आपले ठिकाण ठरवणारा ग्राहक बसवतात. दर मिनिटाला नोंद होते. मग वेळेचा हिशेब घालून सरासरी काढायची.

समजा, सुमनच्या घराभोवती निर्देशांक ०.५ आहे. तिथे ती १४ तास असते. शाळेत ६ तास ०.१ आणि इतरत्र ४ तास ०.२. एकूण (७ + ०.६ + ०.८) ÷ २४ = ०.३५. केवळ घराचा पत्ता पाहणाऱ्याने ०.५ लिहिले असते. आणि त्या १४ तासांत सुमन खिडकी लावून घरात बसली असेल, तर ०.३५ हा आकडाही फुगलेलाच!

तरीही अडचणी राहतात. तारेच्या जुन्या दिव्यातून अवरक्त किरण पुष्कळ निघतात. त्यामुळे खोलीत एकही पान नसताना संवेदक 'हिरवळ' दाखवू शकतो. म्हणून वरून पडणारा प्रकाशही वेगळा मोजून दुरुस्ती करावी लागते. उंच इमारतींमध्ये संदेश भिंतींवर आपटून येतात आणि ठिकाण चुकते. शिवाय माणूस दिवसभर कोठे होता, याची नोंद ही त्याची खासगी बाब आहे. त्याच्या संमतीवाचून ती घेणे आणि दुसऱ्याला दाखवणे योग्य नव्हे.

करून पाहा

१० सेंटिमीटर बाजूच्या पारदर्शक प्लॅस्टिकवर शाईने १ सेंटिमीटरचे १०० चौकोन आखा. घरापासून शाळेपर्यंत दर १०० पावलांवर रस्त्याच्या कडेला, सुरक्षित जागी थांबा. एक डोळा मिटून हा कागद दुसऱ्या डोळ्यापासून ३० सेंटिमीटरवर समोर धरा. निम्म्याहून अधिक भाग पानांनी व्यापलेले चौकोन मोजा. तीच त्या ठिकाणची टक्केवारी. सर्व ठिकाणांची सरासरी काढा. हीच मोजणी वैशाखात आणि श्रावणात करा, कारण काही झाडांची पाने गळतात आणि पावसाळ्यात झुडपे वाढतात.

वर्गातील सर्वांचे आकडे फळ्यावर मांडा. सर्वांत कमी आकडा कोणाचा आला? त्याच्या वाटेवर सावली देणारे झाड लावता येईल अशी जागा कोठे आहे? ती शोधून शिक्षकांसह नगरपालिकेकडे लेखी मागणी करा. सोबत आपला तक्ता जोडायला विसरू नका.