माती साफ करणारी झाडं, आणि पगाराचा प्रश्न

बारावीत पीसीबी घेतलेली मुलगी ‘जीएम झाडं लावून विषारी माती स्वच्छ करणार’ म्हणाली, की घरातला पहिला प्रश्न ठरलेला: पगार कोण देणार? प्रश्न रास्त आहे, पण त्याला गोड उत्तर नाही. नेमकी या नावाची नोकरी भारतात शोधून सापडणार नाही. आपल्या शेतात सरकारमान्य जीएम (जनुकीय बदल केलेलं) पीक एकच, २००२ पासूनचा बीटी कापूस. तरी लगेच नाही म्हणू नका. आधी हे काम कसं चालतं ते पाहा.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात फोर्ट ड्रम हा लष्करी तळ आहे. आरडीएक्स या स्फोटकाचं नाव आपल्याकडे १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांपासून घरोघरी माहीत. अशा तळांवरच्या सरावाच्या मैदानांवर तेच मातीत मिसळतं आणि पावसाबरोबर भूजलात उतरतं. साधं गवत ते शोषून पानांत साठवतं, पण मोडू शकत नाही. रोडोकोकस हा मातीतला जिवाणू मात्र मोडतो. ब्रिटनच्या यॉर्क विद्यापीठातील नील ब्रूस आणि लिझ रायलट यांच्या गटाने त्याचं जनुक अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळांच्या लाडक्या रोपट्यात घातलं. ते काम २००६ साली प्रसिद्ध झालं. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या स्टुअर्ट स्ट्रँड यांच्यासह ही युक्ती स्विचग्रास या अमेरिकी गवतात नेली. शिवाय अशा जमिनीत टीएनटी हे दुसरं स्फोटकही असतं आणि ते मुळांची वाढच खुंटवतं, म्हणून त्याचा विषारीपणा घालवणारं आणखी एका जिवाणूचं जनुक जोडावं लागलं. फोर्ट ड्रमवरच्या तीन वर्षांच्या चाचणीत या गवताने आरडीएक्स मोडून दाखवलं. निष्कर्ष छापून आले २०२१ साली. रोपट्यापासून मैदानापर्यंत १५ वर्षं! पालकांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पारा, शिसं, आर्सेनिक यांचं तसं नाही. मूलद्रव्य मोडत नाही; झाडाने शोषलं की ते झाड कापून त्याची विल्हेवाट लावावी लागते.

या सगळ्यात जनुक जोडणारा जितका लागतो, तितकाच माती आणि भूजल मोजणारा. म्हणून माझा सल्ला: पदवीला या अरुंद विषयाच्या मागे लागू नका. वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा कृषी पदवी घ्या. कृषीसाठी एमएचटी-सीईटी देऊन राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथल्या विद्यापीठांत जाता येतं. तिथे मृदाशास्त्राकडे दुर्लक्ष करू नका. मुलं नेमकं तेच करतात. एमएस्सीसाठी जॅम किंवा गॅट-बी या प्रवेश परीक्षा, पुढे नेट. त्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, म्हणजे पीएचडी घरावर ओझं नाही. नागपूरची नीरी पर्यावरणाच्या संशोधनातली मोठी संस्था. खाणींचे ओसाड ढिगारे झाडं आणि सूक्ष्मजीव वापरून हिरवे करण्याचं काम तिने केलेलं आहे, तेही जीएमशिवाय.

पोटापाण्याची वाट मातीच्या बाजूने आधी उघडेल असं मला वाटतं. दूषित जागा शोधून त्या साफ करण्याचे आणि खर्च प्रदूषकाकडून वसूल करण्याचे नियम केंद्राने २०२५ साली अधिसूचित केले आहेत. नमुने घेणारी, तपासणारी, अहवाल लिहिणारी माणसं त्यासाठी लागतीलच.

‘बायोटेक’ची पाटी लावलेल्या कॉलेजात प्रवेश घेण्यापूर्वी एकदा जाऊन त्यांची प्रयोगशाळा चालू स्थितीत बघा. दाखवायला टाळाटाळ केली, तर फी भरू नका.