पैसे खात्यात आले, पण कुणाचे?

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना लेखा विभागाच्या खिडकीतून मला ऐकवण्यात आलं, "स्कॉलरशिप आलीय तुझी. आधी फी भर, मग परीक्षेच्या फॉर्मचं बघू." माझ्या पासबुकात एक रुपया वाढलेला नव्हता. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर मात्र रक्कम वितरित झाल्याचं दिसत होतं. खिडकीतल्या साहेबांना वाटे मी पैसे दाबून बसलोय, मला वाटे हे थापा मारतायत. थापा कुणीच मारत नव्हतं. पैसे आले होते, पण आठवीत शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी बाजारगावच्या बँकेत काढलेल्या खात्यात. त्याला वडिलांचा जुना, कधीच बंद पडलेला नंबर जोडलेला. मेसेज येणार कुठून?

हे माझ्या एकट्याच्या नशिबी आलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अर्जात आपण कोणताही खाते क्रमांक लिहिला, तरी डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे, पैसे आधार क्रमांकावर निघतात. बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या नोंदीत आधार ज्या खात्याशी जोडलेलं असेल, तिथं ते उतरतात. एका वेळी असं एकच खातं असतं. बँकेत आधारची झेरॉक्स देणं म्हणजे केवायसी. डीबीटीसाठी आधार जोडायचं तर संमतीचा वेगळा अर्ज लागतो. नवीन सिमकार्डाबरोबर कुणी अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं, तर जोडणी तिकडे सरकू शकते. मायआधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघितलं की कोणत्या बँकेशी जोडणी आहे ते कळतं. मोबाइल आधारला जोडलेला असला की पाच मिनिटांचं काम. हप्ता निघायच्या आधी ते करायचं, नंतर नाही.

आता खरा मुद्दा: आलेल्या पैशांतला वाटा कुणाचा किती?

मी अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर शिकलो. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलं की ती मिळते. 2021 च्या सुधारित नियमांनुसार राज्याचा 40 टक्के हिस्सा आधी आणि केंद्राचा 60 टक्के हिस्सा नंतर येतो. केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो, आणि त्यातच कॉलेजच्या फीचाही भाग असतो. तो आपला नाही. आपण फक्त मधले हमाल. मिळाल्यावर तो कॉलेजला भरण्याची मुदत हमीपत्रात असते आणि ती दिवसांत मोजायची असते, महिन्यांत नव्हे. ज्या हमीपत्रावर आपण सायबर कॅफेत न वाचता सही ठोकतो, तेच हे.

माझ्या रूम पार्टनरच्या खात्यात पैसे आले ते नेमके मृगाच्या तोंडावर. घरी कपाशीचं बियाणं घ्यायचं होतं. पुढे काय झालं ते सांगायला नको. त्याला बेजबाबदार म्हणणं सोपं आहे; मी म्हणणार नाही. पण फीची बाकी त्याच्या नावावर राहिली आणि कॉलेजनं दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका दाबून धरल्या. हे दुसरं चूक. बाकी वसूल करायचा कॉलेजला हक्क आहे, मूळ कागदपत्रं ओलीस ठेवायचा नाही. यूजीसीनं 2018 मध्येच तसं अधिसूचित केलेलं आहे. लेखी अर्जात त्याचा हवाला दिल्यावर गुणपत्रिका मिळाल्या. फीची बाकी त्यानं हप्त्याहप्त्यानं फेडली.

माझ्या बाबतीत उलटं झालं. जुन्या खात्यातून पैसे काढून मी खिडकीशी गेलो, तर सगळीच रक्कम मागितली, निर्वाह भत्त्यासकट. पदवीच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला वसतिगृहात राहणाऱ्यासाठी हा भत्ता वर्षाला 13,500 रुपये आहे, घरून येणाऱ्यासाठी 7,000. तो पुस्तकांसाठी, जेवणासाठी, प्रवासासाठी. त्यावर कॉलेजचा काडीचा हक्क नाही. मंजुरीची प्रिंट पुढे सरकवली आणि फक्त फीची रक्कम भरली, पावतीसह. वाद फारसा झाला नाही. कागद दिसला की आवाज खाली येतो. पण वसतिगृहाचा दर घ्यायचा तर खरोखर वसतिगृहात राहायला हवं. खोटा दाखला जोडला आणि पकडला गेला, तर शिष्यवृत्ती रद्द होते, घेतलेली रक्कमही परत करावी लागते.

बाकीची बंधनं थोडक्यात. एका वेळी दोन सरकारी शिष्यवृत्त्या चालत नाहीत. खासगी ट्रस्टची मदत मिळत असेल तर चालते का, हे आधी लेखी विचारा. हजेरी सांभाळा. वर्षाच्या मध्ये शिक्षण सोडलं तर मिळालेली रक्कम परत मागितली जाऊ शकते. नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी करावा लागतो. 'परत पाठवला' असा शेरा आला, तर तो घरपोच कळवायला कुणी येत नाही, लॉगिन उघडून बघावं लागतं.

आणि अडलंच कुठं, तर तोंडी भांडू नका. अर्ज लिहा, आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. अर्ज कुठल्या टेबलावर अडकलाय हे सांगायला समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयाची टाळाटाळ चालली असेल, तर दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज होतो आणि त्यांना 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही दहा रुपये लागत नाहीत.

एवढं तरी नक्की करा: महाडीबीटीचं लॉगिन काढताना कॅफेवाल्याचा नंबर देऊ नका, पासवर्ड त्याच्या वहीत ठेवू नका. दरवर्षी कितीतरी मुलं 'ओटीपी कुणाकडे गेला' म्हणत त्याच्या दुकानासमोर रांग लावतात, आणि तोवर अर्जाची मुदत संपलेली असते.